पेट्रोलचा वास

आर्वीत माझं गॅरेज आहे, आणि मला तोरा होता तो माझ्या नाकाचा. गाडीला स्कॅनर लावून बिघाड शोधणाऱ्यांची मी टर उडवायचो. सायलेन्सरमागे मिनिटभर उभा राहिलो की पेट्रोल जास्त जातंय की ऑइल जळतंय, हे बॉनेट न उघडता सांगायचो. कोरोनाच्या तापात वास गेला. आज येईल, उद्या येईल म्हणत मी चार वर्षं काढली आणि कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मिस्त्रीला वास येत नाही हे कळल्यावर गाडी कोण आणणार?

अशात एक बियाण्याचा दुकानदार त्याची लाल गाडी घेऊन आला. जुनी घेतलेली, आधीच्या मालकानं हौसेनं सुपरचार्जर बसवलेला. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप. तो हवा दाबून आत कोंबतो, मग पेट्रोलही त्या मापानं जास्त लागतं. रस्त्यावर गाडी सुसाट जायची, पण जागेवर उभी केली की इंजिन आचके द्यायचं, थरथरायचं आणि मागून काळा धूर सोडायचं.

"मिस्त्री, नुसती पेट्रोल पिऊन राह्यली," तो म्हणाला.

काजळीनं माखलेले प्लग मी बदलले. इंजेक्टर साफ केले. हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी मारून गळती शोधली. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय का हे बघायला ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक काढली आणि सवयीनं नाकाशी धरली. वास आला नाही, तेव्हा ऑइल ठीक आहे असं ठरवून टाकलं. मला वास येतच नाही हे त्या क्षणी विसरलो होतो, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. खोटं आहे ते. चांगलं आठवत होतं. गाडी त्याच्या हवाली केली आणि म्हटलं, चालवून बघा.

आठवड्यानं ती परत आली, तशीच थरथरत. भर दुपारी बॉनेट उघडून मी डोकं खाजवत बसलो होतो. दोन हातांच्या अंतरावर गॅसच्या शेगडीवर चहा उकळत होता. बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अवो, पयले तो गॅस बंद करा! पेट्रोलचा केवढा वास येऊन राह्यला!"

"कुठं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डबा ठेवून तिनंच शेगडी बंद केली.

"तुमाले वास येतच नाई ना?" ती म्हणाली. "त्या दिवशी भाजी जळली तं तुमी बाजूले बसून पेपर वाचत होते. मले तवाच समजलं."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. डिपस्टिक तिच्यापुढे धरली.

"याले तं निरा पेट्रोलचाच वास आहे."

मग एकेक नळी तिला हुंगायला लावली. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या डबीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळीपाशी ती थांबली. नळी ओढून काढली तर हातावर पेट्रोल टपकलं. डबीतला रबरी पडदा फाटला होता, आणि इंजिन जागेवर चालताना त्या नळीतून जास्तीचं पेट्रोल ओढून घेत होतं. नळीलाही भेग होती. तिथून ते तापलेल्या इंजिनावर झिरपत होतं.

डबी बदलली, नळी बदलली, ऑइल बदललं. संध्याकाळी दुकानदार आला तेव्हा इंजिन जागेवर शांत चाललं होतं.

"मानलं मिस्त्री तुमच्या नाकाले!"

बायको केव्हाच घरी गेली होती. गप्प बसलो असतो तर भागून गेलं असतं.

"मले वास येत नाई," मी म्हटलं. "चार वर्षं झाली. हे माह्या बायकोनं शोधलं. मागच्या वेळीबी ते झिरपतच असंल. मले समजलं नाई."

तो हसायचा थांबला.

"परवा दोन्ही पोरीले घेऊन वर्धेले गेलतो," तो म्हणाला. "बाबा, वास येते, बाबा, वास येते, सारख्या म्हणत होत्या. मी दटावलं त्याईले. म्हटलं, मिस्त्रीनं पाह्यली आहे गाडी."