पिंगळी स्टेशन ते आमचं घर

लेकीचा पाचवा वाढदिवस होता आणि तो आगगाडीचाच पाहिजे, असा तिचा हट्ट. आम्ही नवराबायको दोघं शिक्षक, पिंगळीला नुकतेच बदलून आलेलो. मी साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून रेल्वेच्या तिकिटांसारखी वीस आमंत्रणं केली. चहाच्या पाण्यानं रंगवली आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'पिंगळी स्टेशन ते आमचं घर. गाडी रविवारी पाच वाजता सुटेल.' स्वतःच्या अकलेवर मीच खूश!

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पेपरात रोज जाळपोळीच्या बातम्या. आम्ही बौद्ध. शाळेत 'बाई, बाई' करणारं गाव आमच्या घरी लेकरं पाठवील का, हाच मला घोर. पाटलाच्या म्हाताऱ्या आईनं नातवाचं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि त्याच्या हातात परत दिलं. बस म्हणून तिनं मला कधी म्हटलं नव्हतं.

रविवारी लेक नवा फ्रॉक घालून, शाळेतलं पंचिंग मशीन घेऊन दारात उभी. पाच वाजले. साडेपाच झाले.

"आई, कुणीच येईना की गं."

माझं डोकं सणकलं. "नका येऊ! आमचं काय अडलंय?" असं भिंतीलाच सुनावलं आणि नवऱ्याला म्हटलं, "बदलीचा अर्ज लिहा. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात स्टेशनवरचा पोर्टर धापा टाकत आला. "बाई, चला लवकर. तुमची लेकरं ठेसनावरून हलंनात."

लेकीला काखेत मारून पळत सुटले. अगं बाई! तेल चोपडून भांग पाडलेली लेकरं फलाटावर ओळीनं उभी, प्रत्येकाच्या मुठीत तिकीट. वीसच्या वीस! आणि पुढं पाटलाची आई. मधे एक पॅसेंजर येऊन गेली होती. "ही नव्हं, बाईची येगळी हाय," म्हणून तिनं एकालाही चढू दिलं नव्हतं. माझ्या चहात रंगवलेल्या पुठ्ठ्यावर यांनी एवढा विश्वास टाकला होता, आणि मी घरात बसून त्यांना शिव्या घालत होते!

"लय उशीर केला की वं बाई तुमच्या गाडीनं," आजी म्हणाली.

"आजी, इंजिन मीच," मी डोळे पुसत म्हटलं.

एकमेकांचे सदरे धरून, झुकझुक करत आमची गाडी गावातनं निघाली. दारात लेकीनं एकेक तिकीट पंच करून सगळ्यांना आत सोडलं. शेवटी आजी उंबऱ्याबाहेर थांबली.

"मी बिगरतिकीट हाय. घेतीस का आत?"

लेकीनं गंभीरपणे विचार केला. "दंड पडंल. दोन लाडू खावे लागतील."

आजी आत आली, पाटावर बसली आणि दोन्ही लाडू खाल्ले. मग आमच्याच तांब्यातलं पाणी मागून घटाघटा प्यायली.