खिळ्यावरचे फर्मे

आमच्या गल्लीत रामभाऊंना रामभाऊ म्हणणारं कोणी नाही. सगळे मास्तर म्हणतात. मीही मास्तरच म्हणते, आणि बायको असून मास्तर म्हणते म्हणून सासूबाईंनी हयातभर नाक मुरडलं. शाळेतले मास्तर नव्हेत हो. उल्हासनगर कॅम्प तीनला लच्छुमल शेठच्या पँटींच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर. लांब टेबलावर कापडाचे थरावर थर पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं आखायचं आणि मशीननं एका दमात शंभर पँटींचं कापड कापायचं. शिवणारे कारागीर नंतर. मास्तर चुकला तर शंभरच्या शंभर पँटी चुकतात. त्यामुळे कारखान्यात शेठच्या खालोखाल मान मास्तरांचा. चहा आला की आधी टेबलावर, मग बाकीच्यांना.

फॅशन बदलली की बाकीचे मास्तर जुने फर्मे फेकून देतात. आमचे मास्तर घरी आणायचे. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या दोन खोल्या. एका भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, समोरच्या अख्ख्या भिंतीवर मास्तरांचे फर्मे, खिळे ठोकून लटकवलेले. माझ्या साड्यांना खुंटी नव्हती, पण सत्त्याहत्तर सालच्या बेलबॉटमला तीन खिळे! मी कधी बोलले तर म्हणायचे, "शालन, पँटीची मोहरी रुंद होते, अरुंद होते, परत रुंद होते. वीस-पंचवीस वर्षांचा फेरा असतो. येईल फिरून."

मोहरी म्हणजे पँटीच्या पायाचं खालचं तोंड. त्यांच्या अरुंद मोहरीची तर मी साक्षीदार. त्र्याऐंशी साली मला बघायला आले तेव्हा सगळी मंडळी सतरंजीवर बसली आणि हे एकटे भिंतीला टेकून उभे. पोहेसुद्धा उभ्यानं खाल्ले. आई म्हणाली, मुलगा मानी दिसतो. कसला मानी! स्वतःच्या हातानं कापलेली नळीसारखी पँट घालून आले होते. मांडी घातली असती तर गुडघ्यावर टरकन फाटली असती. हे मला लग्नानंतर कळलं. तो फर्मासुद्धा भिंतीवर होता, बेलबॉटमच्या शेजारी.

अठ्ठ्याण्णव साली माझा कारखाना बंद पडला. हो, मीही कामगारच. अंबरनाथला विजेच्या काळ्या बटणांचा कारखाना होता, त्यात मी पॅकिंगला. जुन्या घरांत गोल, काळी, टकटक वाजणारी बटणं असायची ना, तीच. मग बाजारात पांढरी, चपटी, प्लास्टिकची बटणं आली आणि आमच्या बटणांना कोणी विचारेना. आधी ओव्हरटाइम गेला, मग एक पाळी गेली, मग एका सकाळी गेटला कुलूप. मी घरी येऊन ढसाढसा रडले. मास्तरांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रडतेस काय? येईल फिरून."

तेव्हा ते शब्द गोड लागले. खोटं कशाला बोलू?

शेजारची गोजरबाई तेव्हा बालवाडीत मदतनीस होती. वर्षभरानं तिच्या बालवाडीत एक जागा निघाली. ती आपणहून आली, म्हणाली, "शालन, तुझं नाव देते. पोरांत जीव रमेल." मी पदर खोचून तयार. मास्तर म्हणाले, "घाई करू नकोस. कारखाना उघडला की जुन्यांना आधी बोलावतील. तू दुसरीकडे चिकटलीस तर तुझं नाव कापतील." मी ऐकलं. कशाला ऐकलं कुणास ठाऊक! ती जागा दुसऱ्या बाईला मिळाली. ती पुढे कायम झाली. रोज सकाळी माझ्या दारावरून जायची आणि मी उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायचे.

दोन हजार एक साली तर मास्तरांचं डोकं आभाळालाच टेकलं. टीव्हीवर सगळ्या पोरी घेरदार मोहरीच्या जीन्स घालून नाचायला लागल्या. शेठचा मुलगा हरेश धावत टेबलापाशी आला, म्हणाला, "मास्टर, ये वाला पॅटर्न किधर मिलेगा?" मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सत्त्याहत्तरची बेलबॉटम खिळ्यावरून उतरवली, फडक्यानं पुसली आणि पिशवीत घालून घेऊन गेले. थोडी कमर खाली घेतली, की झाला माल तयार. कॅम्पातल्या बाकीच्यांनी फर्मे जमवेपर्यंत आमच्या शेठचा माल बाजारात विकून मोकळा. लच्छुमल शेठनं सगळ्यांसमोर मास्तरांच्या गळ्यात हार घातला. मीही त्या दिवशी गोड केलं. नवऱ्याचं कौतुक कोणाला नको असतं?

पण त्या हारानंच घात केला. मग काय, प्रत्येक गोष्टीला फेरा! कांदा महागला, फेरा. शेजारणीनं अबोला धरला, फेरा. शेठच्या वडिलांनी फाळणीनंतर कॅम्पात येऊन बराकीत संसार मांडला, दारोदार बनियन विकले. शेठनं कारखाना काढला. आता हरेशला कापडापेक्षा बदलापूरच्या बिल्डिंगांत जास्त रस. मास्तर म्हणायचे, "बघ, तिसऱ्या पिढीला कापडाचा कंटाळा येतो. त्याचा पोरगा परत कापडात येईल." विहारात भंते सांगायचे, सगळं अनित्य आहे, काही टिकत नाही. घरी येऊन मास्तर सांगायचे, सगळं फिरून येतं. मी भाकऱ्या थापता थापता म्हणायचे, "तुम्ही दोघं एकदा समोरासमोर बसा आणि काय ते ठरवा. माझी नोकरी त्यात अडकलीय."

दोन हजार चार साली माझ्या कारखान्याची शेड पाडली. मी स्वतः बघायला गेले. पॅकिंगची भिंत पडली तेव्हा आतल्या बाजूला आम्ही बायकांनी लावलेला कॅलेंडरचा कागद अजून चिकटलेला होता. तिथे पार्किंगवाली बिल्डिंग होणार म्हणे. घरी आले आणि सांगितलं. मास्तर म्हणाले, "बिल्डिंगांचाही फेरा असतो." त्या रात्री मी त्यांना वाढलं नाही. हातानं घ्या म्हटलं. माझी पाच-सहा वर्षं त्या शब्दांवर गेली होती, आणि माणूस साधं 'चुकलं' म्हणेना!

त्यानंतर मोहरी हळूहळू आवळत गेली. मास्तरांनी हे आधीच सांगितलं होतं, आणि ते खरं ठरलं. दोन हजार आठच्या सुमारास आमची यशोधरा, तेव्हा ती कॉलेजात होती, नळीसारखी जीन्स घालून फिरायला लागली. मास्तर तिच्या पायांकडे बघून खूश. म्हणाले, "माझी त्र्याऐंशीची पँट! पंचवीस वर्षं झाली बरोबर." आणि संध्याकाळी तीच पँट घालून पोरगी खाली मांडी घालून जेवायला बसली. मी वाढता वाढता थांबले. म्हटलं, "अगं बाई, ही बसली कशी? तुझे बाबा तर पोहे उभ्यानं खात होते."

यशोधरा म्हणाली, "आई, हे कापड ताणतं. स्ट्रेच आहे."

"फॅन्सी नाव दिलं की झालं," मास्तर म्हणाले आणि आमटी वाढ म्हणाले. समोर ताट, ताटासमोर पोरगी, पोरीच्या अंगावर पँट. एकदा हात लावून बघितलं असतं तर? पण ज्याच्या गळ्यात हार पडलाय तो कशाला हात लावतोय!

आठवड्याभरात हरेशनं अरुंद मोहरीचं काम काढलं. तोवर लच्छुमल शेठ थकून घरी बसले होते, गादीवर हरेश. मास्तर भिंतीवरून त्र्याऐंशीचा फर्मा उतरवून घेऊन गेले. हरेश म्हणाला, "मास्टर, पहले एक सॅम्पल बना लो. कपडा नया है." मास्तरांना ते लागलं. बेलबॉटमच्या वेळी कोणी सॅम्पल मागितलं नव्हतं. म्हणाले, "सॅम्पल नये लोगों के लिए होता है, शेठ." थर लावले आणि सगळं कापड कापून टाकलं.

पँटी शिवून, धुऊन आल्या. कारखान्यातल्या एका पोरानं घालून बघितली. उभा होता तोवर ठीक. दोनदा उठला-बसला आणि गुडघ्यावर पिशव्या लोंबायला लागल्या, मागूनही सगळं ढगळ. ताणणारं कापड अंगापेक्षा कमी कापायचं असतं, ते अंगावर आपोआप बसतं. मास्तरांनी जुन्या जाड कापडाच्या मापानं कापलं होतं. हरेश ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मास्टर, ये तो पायजामा हो गया." सगळा माल फुटपाथवाल्यांना किलोवर गेला. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी कॉम्प्युटरवर फर्मा काढणारा कोणी नवा माणूस उभा होता, आणि चहा आधी त्याला मिळाला. मास्तर तसेच घरी परत आले, ते पुन्हा गेलेच नाहीत.

तीस वर्षं उभ्यानं काम केलेला माणूस घरात बसला की कसा दिसतो, ते मला तेव्हा कळलं. भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी नाही, विहारात येणं नाही. त्र्याऐंशीच्या फर्म्याचा खिळा रिकामा, त्याकडे बघत राहायचे. शेठकडे जाऊन हात जोडा म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवायचे. जेवायला बोलावलं तर दोन घास. आणि 'येईल फिरून' हे शब्द तोंडातून गेलेच. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली. हा माणूस असाच भिंतीला बघत संपून जातो की काय?

एक दिवस यशोधरा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आई, तू बाबांना सांग ना, येईल फिरून म्हणून. बरं वाटेल त्यांना."

मी बाहेर आले. तेच सांगणार होते, शपथेवर सांगते. पण त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि माझी बालवाडी आठवली, उंबऱ्यातलं सूप आठवलं. तोंडातून दुसरंच निघालं. "मास्तर, ते टेबल येणार नाही फिरून. माझा कारखाना आला नाही, तसंच तुमचं टेबल. मी तुमच्या शब्दावर बसून राहिले, माझी वर्षं गेली. तुम्हाला मी बसू देणार नाही. उठा!"

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाले, "तुझी बालवाडी माझ्यामुळे गेली, नाही?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच."

दोघंही रडलो. यशोधरा दारात उभी राहून रडली. मग मी डोळे पुसले, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं शिलाईचं पायमशीन बाहेर ओढलं आणि दाराशी, गल्लीकडे तोंड करून मांडलं. अंबरनाथमध्ये आता सगळे रेडीमेड घेतात आणि रेडीमेड कोणाला बसत नाही. कोणाची लांबी कमी करायची, कोणाची कमर आत घ्यायची. मी पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं, 'मास्तर. पँट अल्टर करून मिळेल.' पहिले काही दिवस मास्तर मान वर करून गल्लीत बघत नव्हते. शंभर पँटी एका दमात कापणारा माणूस एकेका पँटीची दोन बोटं मोहरी कापत होता. मी शेजारी बसून टाके उसवायचे, हूक लावायचे. हळूहळू लोक यायला लागले. रुळांपलीकडच्या शिवमंदिराकडूनसुद्धा गिऱ्हाईक यायला लागलं. मास्तर दाढी करायला लागले.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात गोजरबाई आली. हातात तिच्या मुलाची, अनंताची जीन्स. "मास्तर, बघा हो जरा. पोरानं हौसेनं फुटपाथवरून घेतली. घातली की गुडघ्याला थैली होते. कोण गाढवानं कापलीय कोण जाणे!"

मास्तरांनी पँट हातात घेतली, उलटी केली आणि गुडघ्याजवळची शिलाई बोटांनी उघडली. दोन तुकडे जुळवायला प्रत्येक मास्तर कापडाला बारीक खाच मारतो. बाकीचे सरळ मारतात, आमचे मास्तर तिरकी मारतात. इतकी वर्षं बघितलीय, ती तिरकी खाच मी बसल्या जागी ओळखली. माझ्या हातातली सुई थांबली. आता हा माणूस परत भिंतीकडे तोंड करतो की काय?

मास्तरांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. तर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. पँट माझ्यापुढे धरून म्हणाले, "आली गं, शालन. आली फिरून!"

मीही हसले. गोजरबाई बिचारी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, मेल्यांना उन्हाळा बाधला. म्हणाली, "मग? गुडघ्याला किती आत घेताय?"

मास्तरांनी कात्री उचलली होती, ती परत खाली ठेवली. कापड दोन्ही हातांत धरून ताणून बघितलं, सोडलं, परत ताणलं. मग म्हणाले, "अनंताला पाठव. अंगावर घालून माझ्यासमोर मांडी घालून बसू दे."

"तो कामाला गेलाय. संध्याकाळी येईल."

"येऊ दे," मास्तर म्हणाले. "तोवर मी कात्री लावत नाही."