झारखंडचा नंबर, भोपाळचा रस्ता

प्रश्न असा होता: मी ज्याच्या करावर शिकले, तो करदाता कोण?

हा प्रश्न मी निवडला नाही. तो माझ्या अंगावर फेकला गेला. शाळेच्या पोर्चमध्ये, सगळ्या शिक्षकांसमोर, हातात पेढा असताना.

भोपाळच्या कडेला, मिसरोदच्या पुढे आमची खाजगी शाळा आहे. मी तिथे नागरिकशास्त्र शिकवते. त्या सकाळी पहिला तास थांबवून आम्हाला खाली बोलावले गेले. संचालकांची नवी गाडी आली होती. पांढरी, उंच, पायरी चढून बसावे लागेल अशी. चाकांखाली लिंबे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार. संचालकांना सगळे बापूसाहेब म्हणतात. राजधानी हलली तेव्हा त्यांचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. घरात अजून मराठी आहे, आणि माझ्याशी ते मुद्दाम मराठीत बोलतात.

हार बाजूला सरकला तेव्हा नंबर दिसला. झारखंडचा.

खेळाचे सर म्हणाले, "बापूसाहेब, रांचीहून चालवत आणली की काय?"

"गाडी इथल्याच शोरूमची. कागद तेवढे रांचीला फिरून आले. तिथे टॅक्स कमी पडतो. दिमाग लागतो, सर, दिमाग!"

सगळे हसले. टाळ्याही झाल्या.

वरच्या खिडकीत सहावीच्या मुली गर्दी करून गाडी बघत होत्या. शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश मिळालेल्या मुली सर्वांत पुढे. बापूसाहेबांनी मान वर केली. "ए, चला आत! यांची फी सरकार भरतं. म्हणजे आम्ही भरतो." मग ते माझ्याकडे वळले. "विचारा आपल्या मॅडमना. मॅडमसुद्धा स्कॉलरशिपवाल्याच. तुम्ही लोक शिकलात ते आमच्या टॅक्सवर. काय मॅडम, खोटं बोलतोय का मी?"

पुन्हा हसू.

'तुम्ही लोक.' हे दोन शब्द मी लहानपणापासून ओळखते. माझे आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा आवाज क्षणभर थांबतो. त्या थांबण्यातून ते येतात.

पेढा खाल्ला नाही. वर्गात गेले. फळ्यावर 'कर' हा शब्द लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. मुली वाट बघत होत्या. खाली पोर्चमध्ये गाडीचा हॉर्न कोणीतरी वाजवून बघत होते.

घरी आले तरी बसवेना. आम्ही भोपाळच्या सोनागिरी वसाहतीत राहतो. वडील शेजारच्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ होते. विदर्भातून बदली होऊन आले तेव्हा स्कूटर बरोबर आणली होती, नागपूरच्या नंबरची. मुक्काम इथे पडणार हे ठरल्यावर त्यांनी नागपूरहून ना-हरकत दाखला मागवला, भोपाळला कर भरला, नंबर बदलून घेतला. शेजारचे वर्माजी त्यांना हसत. "अरे भाई साहब, स्कूटर को कौन पूछता है?" वडील म्हणत, "मैं पूछता हूँ ना."

शिष्यवृत्ती मला मिळाली, हे खरे आहे. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. ती सरकारी तिजोरीतून आली, आणि त्या तिजोरीत वडिलांच्या पगारातून कापलेला कर होता, आईने आणलेल्या साबणावरचा होता, आमच्या स्कूटरचाही होता. बापूसाहेबांच्या या गाडीचा तिथे तेव्हाही नव्हता, आजही नाही. हे मला पोर्चमध्येच म्हणायला हवे होते असे वाटत राहिले. घरात फेऱ्या मारत राहिले.

आठवडाभरात बापूसाहेबांनी केबिनमध्ये बोलावले. चहा मागवला. हे पहिल्यांदाच.

"मॅडम, तुमचा भाऊ रांचीला असतो ना? कंपनीचं क्वार्टर आहे त्याला?"

"हो."

"माझ्या मुलासाठी एक गाडी घेतोय. मागच्या वेळी ज्याचा पत्ता लावला, तो माणूस आता नखरे करतो. तुमच्या भावाच्या क्वार्टरचा एक भाडेकरार करून द्या. माझा मुलगा तिथे राहतो, बस."

"तो तर इथे भोपाळजवळ, मंडीदीपला तुमच्या गोदामावर असतो."

"अहो, कागदावर! आपली माणसं आपल्या कामी नाही यायची तर कोण येणार?" मग चहा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "एप्रिलमध्ये तुमच्या पक्क्या नेमणुकीचं बघायचंय. माझ्या लक्षात आहे."

सरकारी कंपन्यांतली आमची घरे अशीच पसरलेली असतात. एक भाऊ रांचीला, मामा भिलाईला. त्या पसरण्यातही लोकांना सोय दिसते. पोर्चमध्ये मी 'तुम्ही लोक' होते, केबिनमध्ये 'आपली माणसं' झाले. मधल्या काळात माझ्यात काहीही बदलले नव्हते. त्यांना पत्ता हवा होता, एवढेच.

भावाला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ताई, क्वार्टरमध्ये भाडेकरू दाखवला तर माझी नोकरी जाईल. पण तुझी पक्की होणार असेल तर... तू सांग."

त्याच्या त्या 'तू सांग'ने मला सरळ उभे केले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बापूसाहेब स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, झालं का आपलं काम?" सगळ्यांसमोर. बरे झाले.

मी उठून म्हणाले, "सर, पत्ता मिळणार नाही. आणि मी तुमच्या टॅक्सवर शिकले नाही. तुमचा टॅक्स रांचीला आहे. मी भोपाळला शिकले."

कोणीतरी कप खाली ठेवला. खेळाचे सर खिडकीबाहेर बघू लागले.

बापूसाहेब हसले. "तुमच्या वडिलांचा टॅक्स असून असून किती असेल हो?"

"असेल तेवढा. पण पूर्ण. आणि इथेच."

हसू थांबले. "एप्रिलचं मग बघू," म्हणून ते गेले. हिंदीच्या बाईंनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यासमोर ठेवली. हळूच, कोणाला दिसू नये अशी.

एप्रिल आला आणि गेला. माझी नेमणूक पक्की झाली नाही. वरचे वर्ग काढून घेतले. पांढरी गाडी रोज पोर्चमध्ये उभी राहते. मुलाची गाडीही आली, कोणाच्या तरी दुसऱ्या पत्त्यावर. मी परिवहन कार्यालयात तक्रार दिली आहे. निनावी नाही. खाली माझे पूर्ण नाव आहे, आडनावासकट. उद्या शाळेतून काढले तरी ती मी मागे घेणार नाही. माझ्यासमोर कोणत्याही मुलीला 'तुम्ही लोक आमच्या टॅक्सवर' असे म्हटले गेले, तर तास थांबवीन आणि बोलणाऱ्याला विचारीन: कोणत्या गावी भरला?

नियम सोपा आहे. मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, तिथे तिची नोंदणी व्हायला हवी. दुसऱ्या राज्यातून आणलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मोटार वाहन कायदा उघडून वाचा. मग आपल्या गल्लीत, आपल्या शाळेच्या पोर्चमध्ये उभ्या गाड्यांचे नंबर बघा, आणि तुम्हीच तपासून घ्या.