मार्थाबाई आणि वटारची कमान

मार्थाबाईंचा आणि माझा परिचय वादाने सुरू झाला. वसईजवळ तुळिंजला एका इमारतीचा आराखडा मी करत होतो. बिल्डरला फाटकाशी किल्ल्यासारखे दोन बुरूज हवे होते. मी ते रेखाटले आणि त्यांत एसीची यंत्रे बसवली. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई भाचीसाठी फ्लॅट पाहायला आल्या होत्या. बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवरचे चित्र पाहून त्यांनी विचारले, "शत्रू कुठून येणार आहे?"

"समोरच्या सोसायटीतून," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्यांनी मला वसईच्या किल्ल्यात नेले. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदूक रोखायच्या फटी, आतून रुंद आणि बाहेरून अरुंद का असतात हे कळावे म्हणून मला बाहेर उभे केले आणि आतून शेंगदाणे मारले. मला एकही परत मारता आला नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य. बुरूज मात्र झालेच; बिल्डरने शेंगदाणे खाल्ले नव्हते.

नव्या वस्तीतल्या लोकांनाही बाई आपले मानतात. आमच्या सोसायटीत त्यांचे व्याख्यान होते. "पाव, बटाटा, चावी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले," असे त्यांनी सांगताच एक आजोबा कळवळले, "मग वडापावात आपलं काय उरलं?"

"भूक," बाई म्हणाल्या.

बाईंच्या निष्ठेची कसोटी मात्र घरातच लागली. वटार गावी त्यांच्या वाडीच्या वाटेवर दगड-चुन्याची कमान आहे. बाईंच्या मते ती पोर्तुगीज काळातली. त्यांचे धाकटे बंधू पावलूकाका यांनी मोठी गाडी घेतली आणि ती कमानीतून जाईना. काकांनी जेसीबी बोलावला. बाईंनी कमानीखाली खुर्ची टाकली आणि वाल सोलायला घेतले.

"मावशी, उठा ना. माझा टाइम जातोय," जेसीबीवाला म्हणाला.

"बस, चहा घे. हिचा किती गेलाय ते सांगते."

पावलूकाका संतापले. "बाय, तुला कमान मोठी की भाऊ?"

बाईंनी दोघांकडे निरखून पाहिले. "उंचीने कमान."

जेसीबी परत गेला, पण भावाबहिणीचे बोलणे थांबले. बाई वरवर थट्टा करत. पण नाताळात काकांच्या घरून फराळ आला नाही, तेव्हा माझ्याशी बोलता बोलता त्या पुन्हा पुन्हा वाटेकडे पाहू लागल्या. कमान राखली, भाऊ गमावला, असे त्यांना वाटत असावे.

पुढे त्याच भाचीचे, म्हणजे पावलूकाकांच्या मुलीचे, लग्न ठरले. फोटोसाठी प्लायवूडच्या किल्ल्याचा स्टुडिओ ठरवला होता. पण लग्नाच्या दिवशी छायाचित्रकाराने वाटेत कमान पाहिली आणि तिथेच तिवई रोवली. वऱ्हाडी जमले. सुटातले पावलूकाका मध्ये उभे राहून सांगू लागले, "आमच्या वाडवडलांनी जपलीय ही. टेकू नका, जुना चुना आहे!"

मी बाईंच्या कानात म्हणालो, "बोला की काहीतरी."

"गप्प बस. पहिल्यांदाच बरोबर शिकवतोय."

इतक्यात काकांची नजर बाईंकडे गेली. ते गर्दीतून वाट काढत आले, क्षणभर घुटमळले, आणि म्हणाले, "बाय, फोटोत ये. मधे उभी राहा." त्या फोटोत बाईंचे डोळे ओले दिसतात. ऊन होते, असे त्या सांगतात. गाडी अजून कमानीबाहेरच उभी असते.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त सत्काराला आणि या गौरवग्रंथाला संमती मागायला आम्ही गौरव समितीचे लोक गेलो. त्यांनी एकच अट घातली: "मंचावर थर्माकोलचा किल्ला दिसला, तर मी घरी जाईन." तो किल्ला तेव्हा पेंटरकडे रंगून वाळत होता. त्याचे काय करावे, यावर समितीत अजून एकमत नाही.

बाई, आपण ठणठणीत राहा आणि खूप जगा. या गावात आम्ही अजून पुष्कळ बांधणार आहोत. आम्हाला अडवायला आपण हव्यात.