दंडावरची डबी

नात पुरणपोळीला हात लावण्याआधी मोबाइलवर बोट टेकवते आणि दंडाला चिकटवलेली इवलीशी डबी तिला इन्सुलिन देऊन टाकते. सुई आता डबीत लपते. आमच्या वेळी माणसं लपायची.

"आजीला तुम्हीच टोचायचात ना, आजोबा?" काल तिने विचारलं.

घरात सगळे हेच समजतात. तिच्या आजीनेच तसं सांगून ठेवलं होतं.

"नाही गं. ती स्वतःच टोचून घ्यायची. मी सुईला घाबरून दाराबाहेर उभा राहायचो. मग तीच हाक मारायची, 'झालं हं, या आत.'"

नात हसली नाही. जेवणानंतर तिने संपलेली डबी काढली आणि नवी माझ्या हातात ठेवली. "आज तुम्ही लावा. सुई आत जाताना टक् वाजेल, पळू नका."

मी ती तिच्या दंडावर दाबून धरली. टक् वाजलं. हात तिथेच राहिला.

"झालं हं," मी म्हणालो.