मिस्टर फ्लिनच्या टाचा

हा अनुभव मी आजवर तिघाचौघांना सांगितला आणि प्रत्येकाने उलट मलाच समजावलं. एक म्हणाला, उन्हाने भास झाला असेल. माझ्या भाच्याने तर ‘मावशी, तू तेव्हा परदेशात एकटी होतीस ना...’ एवढं बोलून विषयच मिटवला. म्हणून आधीच लिहून टाकते — मी देवाला हात जोडते तेही सणावाराला. भूत, बाधा, उतारा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मिरजेला नर्सिंग शिकताना शवागारात एकटीने कामं केली आहेत. तेव्हा कृपा करून मला ‘भास’ शिकवू नका.

गोष्ट १९६३ च्या उन्हाळ्यातली, कुवेतची. अबू हलीफाच्या बाजूला एक छोटं खासगी हॉस्पिटल होतं, नाव लिहीत नाही. मी तिथे स्टाफ नर्स होते. आज तिथे म्हणे फ्लॅटच फ्लॅट झालेत. तेव्हा खजुराच्या बागा, मातीची घरं आणि पलीकडे समुद्र. समुद्र तरी कसला... ताटात पाणी ओतून ठेवावं तसा सपाट, आणि किनाऱ्याला पिठासारखी पांढरी वाळू. दगड औषधालाही सापडायचा नाही.

कोपऱ्यातल्या खोलीत मिस्टर फ्लिन होते. पन्नाशीचे, आयरिश, तेलविहिरीवर काम करणारे. उंचावरून पडून मणका मोडला होता. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही, छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर. त्यांना कुशीवर वळवायचं तरी मी आणि आमची आया रुकय्याबी, दोघी लागायचो. विमानप्रवास झेपेल एवढी तब्येत सुधारली की त्यांना मायदेशी पाठवायचं ठरलं होतं. खोलीला दार एक आणि खिडकी एक. खिडकी एअरकंडिशनरसाठी कायमची बंद केलेली. दाराबाहेर माझं टेबल.

हा माणूस आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका चिमुकल्या बेटावरचा. नाव त्यांनी दहादा सांगितलं असेल, पण ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आम्ही त्यांचं अंग पुसत असलो की ते बेटाभोवतीचा रस्ता सांगत. धक्क्यावरून डावीकडे वळायचं, गुडघाभर उंचीच्या दगडी कुंपणांच्या कडेने चालायचं, मग उतार आणि खाली गोट्यांचा किनारा. वाळू नाहीच. करडे, गुळगुळीत गोटे, कांद्याबटाट्याएवढे. लाट मागे गेली की सगळे एकमेकांवर घासत खळखळतात म्हणे. पुढे छप्पर उडालेलं एक देऊळ, म्हणजे त्यांचं जुनं चर्च, त्यापुढे आणखी एक किनारा, तिथे तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस दिसत नाही. मी सांगली जिल्ह्यातली. मला समुद्राचं काडीचं कौतुक नाही. मी ‘हो का, छान’ म्हणायचे आणि कामाला लागायचे.

तर एका दुपारी चादर ओली सापडली. पायाकडची बाजू, चिंब. कॅथेटर ठीक होता, आणि वास लघवीचा नव्हताच. खारट, शेवाळाचा होता. मी चादर बदलली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या खेपेला राउंडवर आलेल्या मेट्रननेच ती पाहिली.

आमची मेट्रन इंग्लिश होती. उंच, कडक, हसणं ड्युटीत बसत नाही असं मानणारी. तिने मला व्हरांड्यात उभं करून झाडलं. पेशंट ओल्यात पडून आहे, म्हणजे सिस्टर जागेवर नाही, हा तिचा सरळ हिशोब. मी सांगितलं की मी दारातच बसून होते. तिने ते ऐकलंच नाही. त्या संध्याकाळी मी ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या कमरेखालची आडवी चादर, झटकताना तिच्या पायाशी एक करडा गोटा खणकन पडला. ओला. तिने तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, पेशंटच्या बिछान्यात ही घाण पुन्हा दिसली तर पुढच्या बोटीने तू मुंबईला परत.

इथे मी जरा थांबते, कारण हे ‘परत’ म्हणजे काय ते आजच्या मुलींना कळायचं नाही. माझे वडील नर्सिंगच्याच विरोधात होते, कुवेतची तर गोष्टच सोडा. हलगर्जीपणाचा ठपका घेऊन परत गेले असते तर कुठल्याच हॉस्पिटलात मला उभं केलं नसतं, आणि घरात ‘बघ, मी म्हणत होतो’ हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी केलेली चूक असती तर निस्तरली असती. पण न केलेली चूक निस्तरायची कशी?

रुकय्याबी श्रीवर्धनकडची, नवरा कुवेतमध्ये दुकानात कामाला. ती शांतपणे म्हणाली, “बाय, ह्यो मानूस दुपारचा हितं नसतो.” मी तिच्यावरच खेकसले.

पण मग त्यांच्या टाचांकडे माझं लक्ष गेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा बाळासारख्या मऊ होतात, पटकन लाल पडतात, म्हणून आम्ही त्यांना रोज स्पिरिट लावून पावडर चोळतो. मिस्टर फ्लिनच्या टाचा मऊ होत्याच. त्या हळूहळू टणक व्हायला लागल्या. तळव्याला घट्टे, कडेला भेगा, भेगांत बारीक करडी रेती. रानात अनवाणी राबणाऱ्या माणसाचे पाय असावेत तसे. मी डॉक्टरांना दाखवले. कातडी कोरडी झाली आहे, तेल लावा, एवढं बोलून ते पुढच्या खोलीत गेले. ज्या पायांना टाचणी टोचलेली कळत नाही, त्यांना घट्टे कसे पडतात, हे विचारायला मी त्यांच्यामागे गेले तर म्हणाले, सिस्टर, मला आणखी पेशंट आहेत.

शेवटी मी मिस्टर फ्लिनलाच विचारलं. त्यांनी लपवलं नाही. शाळेत खोडी करताना सापडलेल्या मुलासारखे ओशाळले आणि म्हणाले, दुपारी डोळे मिटले की मी चालायला लागतो. आज देवळाच्या पुढपर्यंत गेलो होतो, भरती होती, पाय भिजले.

मला इतका संताप आला... मी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं काहीबाही बोलले. तुम्ही मजेत फिरून येता आणि शिव्या मी खाते, माझी नोकरी जाईल, तुमच्या त्या बेटावर मला कोणी कामाला ठेवणार आहे का, असं बरंच. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “नाही जाणार, सिस्टर.”

आणि खरंच गेले नाहीत. चादर कोरडी. मेट्रन खूश. मिस्टर फ्लिन मात्र जेवेनासे झाले. बोलणं बंद. टाचा पुन्हा मऊ पडल्या आणि माकडहाडाशी कातडी सोलवटायला लागली. म्हणजे बेडसोअर. विमान राहिलं बाजूला, अशा पेशंटचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं होतं. चार-पाच दिवस मी डोळ्यांवर कातडं ओढून काम केलं. मग नाही राहवलं. एका दुपारी अंग पुसून झाल्यावर मी म्हटलं, “जा. पण लवकर या.”

त्या संध्याकाळी चादर ओली होती आणि त्यांनी सूप मागून घेतलं.

मेट्रनला ती चादर दिसायची होतीच. यावेळी ती ओरडली नाही. उद्या दुपारी मी स्वतः खोलीत बसणार आहे, तू बाहेर थांबायचं, असं तिने सांगितलं. तिचं म्हणणं सोपं होतं — ती असताना चादर कोरडी राहिली, तर दोष माझाच. माझी अवस्था बघा. आधी ‘जाऊ नका’ म्हणून भांडले, आता ‘उद्या नक्की जा’ म्हणून विनवायची पाळी. मिस्टर फ्लिन अडचणीत पडले. म्हणाले, ते माझ्या हातात असतं तर बरं झालं असतं. आणि ती बाई समोर खुर्ची टाकून बसल्यावर डोळा तरी लागेल का?

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मेट्रन आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं, सगळं पिवळं दिसत होतं. मी टेबलाशी बसून होते. रुकय्याबी माझ्याजवळ जमिनीवर बसून तसबीहचे मणी ओढत होती. आतून बोलणं नाही, खुर्चीचा आवाज नाही. एकदा फक्त खळखळ ऐकू आली, गोणीतून खडी ओतावी तशी, आणि थांबली. मी रुकय्याबीकडे पाहिलं. तिने तसबीह ओढणं थांबवलं नाही.

चहाच्या वेळेला दार उघडलं. मेट्रनची टोपी एका बाजूला कलली होती, केस वाऱ्याने उडालेले असावेत तसे. बंद खोलीत. पांढरे बूट घोट्यापर्यंत भिजलेले, आणि ती लंगडत होती. मी उभी राहिले. तिने टोपी सरळ केली.

“पेशंट दुपारभर बिछान्यातच होता,” ती म्हणाली. “मी समोर होते. तुझी काही चूक नाही. चादर बदल.”

मी विचारलं, मेट्रन, तुम्ही काय पाहिलंत? ती लंगडतच व्हरांड्यातून निघून गेली.

नोकरी वाचली. आनंद व्हायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशीच ड्युटी बदलल्याचं कळलं. मला बायकांच्या वॉर्डात टाकलं आणि दुपारी कोपऱ्यातल्या खोलीत मेट्रन स्वतः बसू लागली. रोज. दार लावून. चार वाजता बाहेर यायची तेव्हा गाल लाल झालेले असायचे, आणि ही बाई चक्क गुणगुणत असायची. महिनाभराने मिस्टर फ्लिनना विमानाने पाठवलं. मी ऑपरेशनच्या तयारीत अडकले होते, निरोप घ्यायलाही जाता आलं नाही. बेडसोअर पूर्ण भरून आला होता, असं रुकय्याबीने सांगितलं.

पुढे वर्षभराने मेट्रन नोकरी सोडून निघाली. इंग्लंडला नाही, आयर्लंडला. निरोपाच्या चहाला मी तिला एका बाजूला गाठलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, माझ्यावर आळ आला होता, मला कळायला हवं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“तुला तर समुद्र आवडत नाही ना, सिस्टर,” ती म्हणाली आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळली.

आता ती हयात नसेल, मिस्टर फ्लिनही नसतील. मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही, आणि लोक मला भास समजावतात. भासच व्हायचा होता तर मला एकदा तरी तो किनारा दिसायला नको होता? पेशंट माझा होता. पाय मी धुतले, बोलणी मी खाल्ली, आणि ‘जा’ म्हणूनही मीच सांगितलं. तरी फिरायला त्या दोघांनी जायचं आणि मी दाराबाहेर बसून राहायचं, हे मला अजून पटलेलं नाही.