मागच्या खोलीतली सासरची मंडळी

घड्याळं दुरुस्त करण्यात या माणसाची हयात गेली, पण विचारलेल्या प्रश्नाला वेळेवर उत्तर काही त्याला कधी जमलं नाही. संसार त्याने ‘हं’ या एका अक्षरावर रेटला. मागच्या खोलीत दोन इगुआना, म्हणजे हातभर लांबीचे परदेशी सरडे, आणि एक कासव आलं तेही तसंच. बायको म्हणाली, “आता हे इथेच राहणार का?” तो म्हणाला, “हं.” तेव्हापासून ती त्यांना ‘माझ्या सासरची मंडळी’ म्हणे आणि त्या खोलीचा उंबरठा ओलांडत नसे.

थंडी पडली तसा एक हीटर मंडळींना आणि एक तिच्या गुडघ्यांना, असे दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर सुरू झाले. लवकरच घरभर जळकट वास सुटला. तिचा भाऊ वायरमन. त्याने वितळलेला प्लग दाजींच्या नाकासमोर धरला.

“दाजी, जीव वर आलाय का? हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. लाकडी पिंजऱ्यांपासून दोन हात लांब, आणि वर चिंधीसुद्धा टाकायची नाही. या वायरिंगला झेपेल तो एकच.”

“मग ठरवा,” बायको म्हणाली. “माझे गुडघे की माझं सासर?”

या वेळी ‘हं’ पुरणार नव्हतं. त्याने मुकाट्याने दोन्हीतला एकच हीटर तिच्या खोलीत नेऊन ठेवला आणि मंडळींसाठी खोकी शोधू लागला.

“कुठे निघालात?”

“ओळखीत एकजण आहे, त्याच्याकडे सोडतो. गारठ्यात यांना खाल्लेलं पचत नाही. पोटातच नासतं. मग जगत नाहीत.”

इतकं लांबलचक बोलणं तिने त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. त्याच्या हातावर मोठा इगुआना निपचित पडला होता. तिने बोट लावून पाहिलं.

“अगं बाई, हा तर माझ्या गुडघ्यांपेक्षा गार!” तिने बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, “हीटर परत मागे न्या. आणि माझी खुर्चीही.”

तेव्हापासून ती सासरी बसते. पहिल्याच संध्याकाळी तिने ओले मोजे वाळायला हीटरवर टाकले.

“उचल ते!” तो ओरडला. कासवाने मान आत घेतली.

तिने मोजे उचलले, त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

“आवाज होता म्हणायचा!”

“हं,” तो म्हणाला.